सत्तर दिवसांनी परत आलेल्या फाइली

प्रकरण दापोलीचं, पण पहिला फोन आला कुडाळहून. १३ ऑगस्ट २०२०, गुरुवार, सकाळचे नऊ. "दादानू, जूनमधी गायब झालेले फोल्डर आज परत इले आसत. तुमी राती काय केल्यात काय?" कुडाळच्या कार्यालयातल्या ताईंचा आवाज तसा शांत होता. मी चिपळूणला घरीच होतो, आणि रात्री मी खरंच काहीतरी केलं होतं.

आधी मांडणी सांगतो. जमीन मोजणी, घरांचे नकाशे, अंदाजपत्रकं करणारं एक खासगी कार्यालय. मुख्य ऑफिस रत्नागिरीला, शाखा दापोली आणि कुडाळला. तिन्हीकडे एकेक विंडोज सर्व्हर. रत्नागिरी आणि कुडाळला २०१२ आर२, दापोलीला जुना २०१२. 'प्रकल्प' नावाचा सुमारे तीनशे जीबीचा एक फोल्डर, आणि त्याच्या तीन प्रती एकमेकींशी जुळवून ठेवायचं काम डीएफएस रेप्लिकेशनकडे. विंडोजच्या या दोन आवृत्त्यांमधला फरक पुढे महागात पडणार होता.

डीएफएस या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात, आणि बहुतेक घोटाळे तिथून सुरू होतात. नेमस्पेस म्हणजे दारावरची पाटी. माणूस कुठल्याही ऑफिसातून एकच पत्ता टाकतो आणि त्याला जवळचा सर्व्हर उघडून मिळतो. रेप्लिकेशन म्हणजे आतल्या प्रती जुळवणं. पाटी जागेवर राहून जुळवणी बंद पडू शकते. तशी ती पडली तर माणसाला पडद्यावर काहीही वेगळं दिसत नाही. त्याच्या फाइली उघडतात, सेव्ह होतात, प्रिंट निघते. फक्त ते सगळं त्याच्या गावापुरतं राहतं.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. दापोली, मंडणगड, हर्णै, केळशी, आंजर्ले या सगळ्या पट्ट्यात सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. ऑफिसचे पत्रे उडाले. सर्व्हर भिंतीवरच्या रॅकमध्ये होता, त्यावर कोणीतरी प्रसंगावधान राखून ताडपत्री टाकली म्हणून वाचला. यूपीएसची बॅटरी आधीपासूनच मेलेली, त्यामुळे लाइट गेली त्या क्षणी मशीन बंद. रीतसर शटडाउन नाहीच.

त्या भागात लाइट यायला जुलै उजाडला. सर्व्हर चालू झाला, ड्राफ्ट्समन कामाला बसले. वादळाने पडलेल्या घरांची अंदाजपत्रकं करून द्यायची होती, कामाचा डोंगर होता. सर्व्हर चालतोय की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं, आणि तो चालत होता.

लॉगमध्ये मात्र पहिल्याच दिवशी २२१३ क्रमांकाची नोंद पडली होती. अर्थ असा: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, म्हणून या ड्राइव्हवरचं रेप्लिकेशन थांबवलं आहे, माणसाने येऊन सुरू करावं. २०१२ आर२ पासून ही दुरुस्ती आपोआप होते. साध्या २०१२ मध्ये सर्व्हर थांबतो आणि वाट पाहत बसतो. रत्नागिरी किंवा कुडाळची लाइट अशी गेली असती तर हे प्रकरणच घडलं नसतं. दापोलीचा सर्व्हर आणखी पाच-सहा आठवडे वाट पाहत बसला.

११ ऑगस्टला रत्नागिरीच्या साहेबांनी हर्णैच्या एका घराचा नकाशा उघडला, तर तो मे महिन्यातलाच निघाला. दापोलीचा मुलगा म्हणतो, मी तो जुलैत पूर्ण केलाय, माझ्यासमोर उघडा आहे. दोघंही खरं बोलत होते. मग मला फोन.

१२ तारखेच्या रात्री मी रिमोटने दापोलीत शिरलो. मोबाइलच्या नेटवर, पाऊस धो-धो, पडदा दर दोन मिनिटांनी गोठतोय. २२१३ च्या नोंदीतच पुढे काय करायचं ती आज्ञा छापलेली असते, ती चालवली. डेटाबेस तपासून सावरला, २२१४ ची नोंद आली. वाटलं, झालं. पाठोपाठ ४०१२ आली.

तिचं म्हणणं असं होतं: हा सर्व्हर सोबत्यांपासून ७० दिवस तुटलेला आहे, मर्यादा ६० दिवसांची आहे, त्यामुळे यावरचा डेटा शिळा धरला जाईल आणि हा फोल्डर जुळवला जाणार नाही. उपायही तिथेच सांगितलेला असतो. सर्व्हरला गटातून काढा आणि पुन्हा घ्या.

मी तो उपाय केला नाही. तीनशे जीबी दापोलीच्या लाइनवरून पुन्हा ओढायचे या कल्पनेनेच घाम फुटला. साठ दिवसांची मर्यादा एका आज्ञेने बदलता येते, ती मी १०० केली, सर्व्हिस बंद करून चालू केली, फाइली हलायला लागल्या हे पाहिलं आणि झोपलो. चूक ती. आणि ज्या भीतीपोटी केली ती भीतीही खोटीच होती, ते पुढे येईल.

साठ दिवसांचा आकडा कोणी उगाच ठरवलेला नाही. फाइल पुसली की डीएफएसआर (डीएफएस रेप्लिकेशनचं छोटं नाव) तिची नोंद लगेच फेकत नाही. 'ही फाइल होती, आता नाही' अशी मृत्यूची नोंद तो डेटाबेसमध्ये ठेवतो, म्हणजे उशिरा भेटलेल्या सोबत्यालाही ती पुसायला सांगता येते. या नोंदी साठ दिवसांनी काढून टाकल्या जातात. त्यानंतर एखादा जुना सोबती तीच फाइल घेऊन दारात उभा राहिला, तर बाकीच्यांना ती मेलेली होती हे आठवतच नाही. त्यांच्या दृष्टीने ती नवी. ते तिला आनंदाने घरात घेतात. गावच्या घराची वाटणी झाल्याचा पत्ता नसलेला चाकरमानी गणपतीला येतो आणि जुन्या किल्लीने भलतीच खोली उघडून सामान मांडतो, तसाच प्रकार.

रत्नागिरीत ८ ते १० जूनच्या दरम्यान, लॉकडाउननंतर थोडी माणसं ऑफिसात यायला लागल्यावर, साहेबांनी सफाई काढली होती. २०१५ ते २०१७ ची बंद झालेली कामं 'प्रकल्प'मधून उचलून वेगळ्या डिस्कवर नेली. डीएफएसआरच्या लेखी फोल्डरबाहेर नेणं म्हणजे पुसणंच. १२ ऑगस्टच्या रात्री या नोंदींना साठ दिवस उलटून गेले होते. तेच फोल्डर परत आले. माझ्या तर्काला पक्का पुरावा मिळाला तो जुलैमधल्या फाइलींतून: जुलैत रत्नागिरीने पुसलेल्या फाइली दापोलीतूनही निमूटपणे गेल्या होत्या, एकही परतली नव्हती. त्यांच्या नोंदी अजून जिवंत होत्या.

एवढंच असतं तर दोन तासांत निस्तरलं असतं. फोल्डर पुन्हा हलवायचे आणि ताईंची माफी मागायची.

पण साडेदहाला रत्नागिरीहून दुसरी तक्रार आली. जूनअखेर दुरुस्त केलेली अंदाजपत्रकं पुन्हा जुन्या दरांची झालीत. हे मला कळेना. दापोलीत त्या फाइलींना कोणी हात लावला नव्हता. त्यांच्या 'शेवटचा बदल'च्या तारखा मार्चमधल्या. एकच फाइल दोन ठिकाणी बदलली असेल तर डीएफएसआर शेवटी लिहिणाऱ्याला विजयी करतो. मग मार्चची फाइल जूनच्या फाइलीवर जिंकली कशी?

इथे मी निदानाची घाई केली नाही, हे त्या दिवसातलं माझं पहिलं शहाणपण. दापोलीतली सर्व्हिस बंद केली. फोल्डरचं सदस्यत्व रद्द करणं वगैरे काही नाही, नुसती सर्व्हिस थांबवली, म्हणजे आता तिथून पुढे काही बाहेर जाणार नाही आणि डेटाबेसही जसाच्या तसा राहील. तिथल्या मुलाला फोन करून सांगितलं, बाबा, आज कोणीही काही सेव्ह करू नका. मग बाइक काढली आणि खेडवरून दापोली गाठली. घाटात दरड नव्हती हे नशीब.

पोचल्यावर आधी संपूर्ण फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर. सर्व्हरचं घड्याळ पाहिलं, ते बरोबर होतं. सर्व्हर एकमेकांची ओळख पटवतात त्या करबेरॉस पद्धतीला पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, त्यामुळे घड्याळ फार चुकलं असतं तर रात्री फाइली हलल्याच नसत्या. मग एका अंदाजपत्रकावर उजवी टिचकी मारून सुरक्षेचा टॅब उघडला, आणि यादीत सगळ्यात वर 'एव्हरीवन', पूर्ण अधिकार.

ड्राफ्ट्समन म्हणाला, "दादा, जुलैत फोल्डर उघडत नव्हता ना, तेव्हा एकाला बोलावलेलं. त्याने हे करून दिलं."

उत्तर तिथेच होतं. फाइलीचे परवाने बदलणं हा डीएफएसआरच्या लेखी फाइलीतला बदलच. आतलं एक अक्षर हललं नाही, 'शेवटचा बदल'ची तारीख मार्चचीच राहिली, पण एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेच्या, बदल-नोंदवहीत त्या फाइलीची नवी नोंद पडली. वरच्या फोल्डरला लावलेला परवाना खाली झिरपतो, म्हणजे एका टिचकीत दापोलीतली प्रत्येक फाइल 'बदलली'. रत्नागिरीची दुरुस्ती जूनची, दापोलीची नोंद त्यानंतरची. मार्चचा मजकूर नव्या शिक्क्यासह जिंकला. एक्सप्लोररमधली तारीख पाहून कोण जिंकेल याचा अंदाज बांधू नये, हे मी तोवर दहा जणांना सांगितलं असेल. त्या सकाळी मीच तो बांधत होतो.

नुकसान आटोक्यात राहिलं ते दापोलीच्या रडक्या लाइनमुळे. रात्रभरात फाइलींचा थोडाच भाग बाहेर पडू शकला होता. बॅकलॉग पाहिला तर दापोलीकडून रत्नागिरीला जायच्या फाइली हजारोंनी शिल्लक, उलट दिशेने जवळपास काही नाही. बॅकलॉग नेहमी दोन्ही दिशांनी वेगवेगळा काढायचा असतो. एकाच दिशेने काढून 'शून्य आहे' म्हणून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता निवाडा. कुठली फाइल खरी? यंत्राला हे विचारून उपयोग नव्हता.

रत्नागिरीत दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप निघतो, शेवटचा ९ ऑगस्टचा. त्यातल्या सगळ्या फाइलींच्या पत्त्यांची यादी काढली आणि आजच्या यादीशी ताडून पाहिली. ९ तारखेला नसलेली आणि आज असलेली फाइल एकतर भूत, म्हणजे पुसलेली आणि परत आलेली, असणार, नाहीतर दापोलीचं जुलै-ऑगस्टचं खरं काम. दोन्हींत फरक तारखेने करायचा: ३ जूनच्या आधीची असेल तर भूत, नंतरची असेल तर काम.

नियम सोपा होता, म्हणून मी तो दापोलीच्या मुलाला वाचून दाखवला. तो लगेच म्हणाला, "आणि सातबाऱ्याचे स्कॅन?" लोकांनी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले सातबारे, जुन्या घरांचे फोटो. पेन ड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइलीची बदलाची तारीख जुनीच राहते, २०१८-१९ ची. माझ्या नियमाने ती सगळी भुतं ठरून बाहेर गेली असती. कॉपी झाल्याचा दिवस दिसतो तो निर्मितीच्या तारखेत. मग नियम बदलला: दोन्ही तारखा ३ जूनच्या आधीच्या असतील तरच भूत. तरीही काही पुसलं नाही, सगळी भुतं 'संशयित' नावाच्या, जुळवणीबाहेरच्या फोल्डरात नेऊन ठेवली.

जुन्या दरांवर गेलेल्या अंदाजपत्रकांसाठी हरलेल्या प्रती शोधायच्या होत्या. डीएफएसआर हरलेली फाइल फेकून देत नाही. फोल्डरातच दडलेल्या एका खासगी फोल्डरात, 'कॉन्फ्लिक्ट अँड डिलिटेड' नावाखाली, तिच्या नावाला लांबलचक आकडे जोडून ठेवतो आणि मूळ पत्ता एका एक्सएमएल यादीत लिहून ठेवतो. दोन गोष्टी मात्र माहीत हव्यात. ही हरलेली प्रत जिथे निवाडा झाला त्याच सर्व्हरवर राहते, इतरत्र जात नाही. म्हणून तिन्ही सर्व्हर धुंडाळावे लागले. आणि या फोल्डरला आकाराची मर्यादा असते. तो ९० टक्के भरला की सगळ्यात जुन्या फाइली पुसत ६० टक्क्यांपर्यंत खाली आणला जातो. म्हणजे असा घोळ झाल्यावर 'उद्या बघू' म्हणणं परवडत नाही. २०१२ आर२ मध्ये या फाइली मूळ जागी परत ठेवणारी तयार आज्ञा आहे. रत्नागिरीच्या सर्व्हरवर तीच वापरली, थेट मूळ जागी न ठेवता वेगळ्या फोल्डरात काढल्या आणि एकेक उघडून पाहिल्या.

'नुकसान यादी' नावाची एक एक्सेल फाइल दोन्ही ऑफिसांत स्वतंत्रपणे जन्मली होती. तिथे नियम उलटा चालतो. एकाच नावाच्या दोन नव्या फाइली भेटल्या तर आधी जन्मलेली जिंकते. रत्नागिरीची आधीची, पण तीन ओळींची. दापोलीची नंतरची, त्यात आंजर्ले-केळशीच्या पट्ट्यातली सगळी घरं. जिंकली तीन ओळींची. दापोलीची यादी हरलेल्यांत सापडली.

दापोलीचा एक नकाशा मात्र कुठेच मिळेना. तो शेवटी ऑटोकॅडच्या बॅक फाइलीतून निघाला. नकाशा सेव्ह करताना ऑटोकॅड आधीची आवृत्ती बॅक म्हणून शेजारी ठेवतो, आणि डीएफएसआरच्या मूळ गाळणीत बॅक, टेम्प आणि टिल्ड चिन्हाने सुरू होणाऱ्या फाइली वगळलेल्याच असतात. त्यामुळे बॅक फाइल ज्या सर्व्हरवर जन्मते तिथेच राहते, कोणीही तिच्यावर जिंकू शकत नाही. एरवी मला ही गाळणी गैरसोयीची वाटते. त्या संध्याकाळी तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी, आधी करायला हवं होतं ते केलं. दापोलीला गटातून काढलं, डोमेनची माहिती तिन्हीकडे पोचेपर्यंत थांबलो, मग पुन्हा घेतलं. नव्याने आलेल्या सदस्याची पहिली जुळवणी एकतर्फी असते. त्याच्याकडच्या वेगळ्या फाइली नेहमी हरतात, जास्तीच्या फाइली 'प्री-एग्झिस्टिंग' फोल्डरात बाजूला जातात. त्याच्याकडून भूत बाहेर पडूच शकत नाही. दापोलीचं नवं काम आम्ही आधीच हाताने रत्नागिरीत आणलं होतं, म्हणून तसं चालणार होतं.

आणि ती तीनशे जीबीची भीती? फाइल दोन्हीकडे सारखी असेल तर पहिल्या जुळवणीत फक्त तिची हॅश, म्हणजे फाइलीवरून काढलेला छोटा ठसा, ताडली जाते, मजकूर लाइनवरून येतच नाही. मला हे माहीत होतं. रात्री साडेअकराला, गोठलेल्या पडद्यासमोर ते आठवलं नाही. अट एकच: या हॅशमध्ये परवानेही धरलेले असतात. 'एव्हरीवन' तसाच ठेवून दापोलीला परत घेतलं असतं तर एकूणएक फाइल वेगळी ठरली असती आणि खरोखरच ओढावी लागली असती. म्हणून आधी परवाने रत्नागिरीसारखे केले, वीसेक फाइलींच्या हॅश दोन्हीकडे काढून जुळताहेत हे पाहिलं, मगच सुरुवात.

तरी ती रेंगाळली. लॉगमध्ये ४२०२ आणि ४२०४ आलटून पालटून. म्हणजे स्टेजिंगची जागा, फाइली ने-आण करताना तात्पुरत्या ठेवायचा कोपरा, भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. मूळ मर्यादा ४ जीबीची. ड्रोनने काढलेल्या एकेका मोठ्या चित्रासमोर ती म्हणजे परकरात आंबे भरण्यासारखं. ठोकताळा असा आहे की फोल्डरातल्या सगळ्यात मोठ्या ३२ फाइलींची बेरीज करावी आणि स्टेजिंग किमान तेवढं द्यावं. ते केल्यावर गाडी रुळावर आली.

कुडाळच्या ताईंनी मध्येच एक स्वतंत्र तक्रार घातली. त्यांच्याकडच्या काही फाइली रत्नागिरीत कधीच "गावनत नाय". हा या प्रकरणाशी संबंध नसलेला, जुना रोग निघाला. एका मोजणी सॉफ्टवेअरने फाइलींवर 'तात्पुरती' हा गुणधर्म लावला होता, आणि अशा फाइली डीएफएसआर मुकाट्याने सोडून देतो, लॉगमध्ये बोंबही मारत नाही. गुणधर्म काढला, त्या निघाल्या. ताई म्हणाल्या, "दोन वर्सा सांगतंय मी." सांगत होत्या खऱ्या.

मांडणीतला मूळ दोष मात्र वादळाने आणलेला नव्हता. डीएफएसआर फाइलीला कुलूप घालत नाही. दापोलीत उघडलेला नकाशा रत्नागिरीतही तितक्याच सहज उघडतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणून 'प्रकल्प' फोडून तीन फोल्डर केले. दापोलीच्या फोल्डरात फक्त दापोली लिहिणार, बाकी दोघांकडे तो फक्त वाचण्यापुरता. तसंच रत्नागिरीचं आणि कुडाळचं. साहेब कुरकुरले, "म्हणजे मी माझ्याच ऑफिसचा नकाशा दुरुस्त करायचा नाही?" करायचा, दापोलीच्या सर्व्हरवर जाऊन. हळू उघडेल. ते त्यांना अजून पटलेलं नाही, पण व्यवस्था टिकून आहे.

दापोलीला यूपीएसची नवी बॅटरी घातली आणि लाइट गेल्यावर सर्व्हर रीतसर बंद होईल अशी जोडणी केली. मर्यादा १०० वरून पुन्हा ६० वर आणली. रोज सकाळी सहा दिशांचा बॅकलॉग साहेबांच्या मेलवर जातो, आणि प्रत्येक सर्व्हर आपल्या फोल्डरात त्या दिवसाच्या तारखेची एक छोटी मजकूर फाइल टाकतो. शिपाई आल्या आल्या तिन्ही तारखा पाहतो. बॅकलॉग वाचण्यापेक्षा त्याला हेच सोपं जातं, आणि मलाही त्याच्यावरच जास्त भरवसा वाटतो.

४१०४ ची नोंद, म्हणजे पहिली जुळवणी पूर्ण, २१ ऑगस्टला दुपारी पडली. दुसऱ्या दिवशी गणपती. हर्णैच्या त्या घराचा नकाशा तेवढा राहिला होता: दापोलीच्या प्रतीत पडलेली पडवी काढून टाकलेली, रत्नागिरीच्या प्रतीत मागच्या बाजूला नवं न्हाणीघर वाढवलेलं, आणि दोन्ही बदल खरे. त्याला कुठलीही आज्ञा लागू होत नव्हती. दोन ड्राफ्ट्समन फोन स्पीकरवर टाकून तासभर रेघ रेघ ताडत बसले, आणि मी मोदकांचं तांदळाचं पीठ घेऊन घरी निघालो.